पाठीवरचे आकडे

"मागे वळू नकोस," असे कोणीतरी अगदी हळू आवाजात म्हणाले, आणि त्याच क्षणी त्याच्या पाठीवर एका बोटाने आठाचा आकडा काढला.

तो स्टुलावर बसला होता. समोर टेबल, टेबलापलीकडे डोळे तपासणारे डॉक्टर, आणि डॉक्टरांच्या हातात ठिपक्याठिपक्यांचे ते पुस्तक, ज्याच्या प्रत्येक पानात एकेक आकडा दडलेला असतो असे सांगतात. त्याला ठिपके दिसत होते. आकडा मात्र कोठेच दिसत नव्हता. जमिनीवर सांडलेल्या मण्यांकडे पाहावे, तसा तो त्या पानाकडे केव्हाचा पाहत राहिला होता.

"आठ," तो म्हणाला.

पान उलटले. बोट पुन्हा फिरले. शर्ट घामाने पाठीला चिकटला असल्यामुळे आकड्याचे प्रत्येक वळण जणू कातडीवरच उमटत होते. दोन... मग नऊ.

"एकोणतीस."

पाच पाने झाली. डॉक्टरांनी कागदावर शिक्का उमटवला आणि "पुढचा" म्हणून हाक मारली. पुढचा म्हणजे तीच होती, जी रांगेत त्याच्या मागे उभी होती. तिचे काम अर्ध्या मिनिटात उरकले. ती बाहेर आली तेव्हा तो व्हरांड्यात खांबाला टेकून उभा होता.

"का सांगितलंस?" त्याने विचारले.

"तुझ्या मानेवरचा घाम बघवेना. म्हटलं, हा आता स्टुलावरून पडणार. आणि एवढा लांब माणूस आडवा झाला, तर माझा नंबर संध्याकाळपर्यंत लागायचा नाही."

"मी... घाबरलो होतो जरा."

"पुढच्या वेळी घाबरणार असशील तर आधी सांग. नखं कापून येईन."

तो हसला. ती गेली. पाठीवर मात्र ते बोट दिवसभर फिरत राहिले.

शाळा सुटल्यानंतर सर्वांच्याच पुढे अनेक वाटा असतात, असे भाषणांमधून सांगितले जाते. प्रत्यक्षात ज्याचे जसे गुण, तशी त्याची वाट. त्याला अठ्ठेचाळीस टक्के मिळाले होते. प्रशिक्षण संस्थेच्या व्हरांड्यातील फळ्यावर खडूने लिहिलेले होते की, नळ कारागिराच्या अकरा जागा रिकाम्या आहेत आणि वीजतंत्र्याची केवळ एक. त्या एका जागेच्या प्रतीक्षायादीत त्याचे नाव पहिले होते. वडील नसलेल्या त्या घरात मोठा भाऊच कर्ता होता. तो गोदामात पोती वाहत असे, आणि तिशीच्या आतच त्याची पाठ धनुष्यासारखी वाकलेली होती.

"नळाचं काम म्हणजे दुसऱ्याच्या मोरीत वाकणं," दादा म्हणाला होता. "आपल्या घरात एक पाठ वाकली तेवढी पुरे. तू ताठ उभं राहून करायचं काम शीक."

म्हणून त्याने वीज निवडली. आपल्याला काही रंग नीट कळत नाहीत हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते, परंतु ते दादाला सांगण्याचे धैर्य त्याला कधीच झाले नाही.

ती शिंप्याची मुलगी होती. आईची इच्छा तिने शिवणकामाचा वर्ग घ्यावा अशी होती. "घरात चार शिलाई मशिनं आहेत," तिने आईला सांगितले, "पाचवं मशीन मला व्हायचं नाही." आणि हट्टाने तिनेही वीजच निवडली; गुण चांगले असल्यामुळे तिची जागा पहिल्याच यादीत पक्की झाली होती.

कार्यशाळेत टोपणनाव मिळण्यास आठवडासुद्धा लागत नाही. छतावरचा दिवा बदलायचा झाला की शिडीऐवजी त्याला बोलावीत, म्हणून तो झाला शिडी. ती तारेचे वेटोळे इतके देखणे गुंडाळी, आणि बोलू लागली की अशी उलगडत जाई, की ती झाली रीळ.

संध्याकाळी यंत्रे पुसायला येणाऱ्या मावशींनी तर पहिल्याच महिन्यात जाहीर केले, "रीळ सापडत नसली की शिडीला विचारायचं, आणि शिडी सापडत नसली की रिळीला. चला, उठा आता दोघं. मला खालची फरशी पुसायचीय. प्रेम काय, उद्यापण करता येईल."

"मावशी, आम्ही जोडणी शिकतोय," तो म्हणाला.

"दिसतंय हो. तारेची सोडून सगळी जोडणी चाललीय."

तिसऱ्या महिन्यात रिळीला सत्य समजले. फळीवर जोडणी करताना त्याने लाल तारेच्या जागी हिरवी तार धरली, खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिली, आणि पुन्हा तीच आणून लावू लागला. लाल तारेतून वीज येते, काळीतून परत जाते, आणि हिरवी यंत्राच्या लोखंडी अंगाला जोडून जमिनीत सोडलेली असते, की चुकून वीज अंगावर आलीच तर माणसाला सोडून जमिनीत जावी. हा तेथील पहिला धडा. तिला ते ठिपक्यांचे पुस्तक आठवले, आणि तिचे हसू ओठांवरच थांबले.

"शिडी... तू त्या दिवशी घाबरला नव्हतास."

त्याने हातातली तार फळीवर ठेवली.

"लाल आणि हिरवा मला सारखेच दिसतात," शेवटी तो म्हणाला. "वाळलेल्या पानासारखे. निळा दिसतो. पिवळा दिसतो." आणि क्षणभराने, "तू दिसतेस."

हे ऐकल्यावर ती कार्यशाळेच्या सरांकडे जाऊ शकली नाही. त्याऐवजी तिने एक युक्ती काढली. त्याच्या वाट्याला येणाऱ्या प्रत्येक तारेच्या टोकाला ती आधीच गाठी मारून ठेवू लागली. लाल तारेला एक गाठ, हिरवीला दोन, काळीला एकही नाही. त्याची बोटे गाठी चाचपून तारा ओळखत. वर्गात कोणाच्या लक्षातही येत नसे.

दुसरी गोष्ट केवळ खेळ म्हणून सुरू झाली. वडिलांच्या दुकानातील कात्रणांपासून केलेली फीत ती रोज केसांना बांधत असे, रोज निराळ्या रंगाची. डबा खाताना तो डोळे बारीक करून त्या फितीकडे पाहत राही. "सराव करतोय," असे म्हणे.

"आज... हिरवी?"

फीत डाळिंबी होती. परंतु त्या चेहऱ्यावर अशी काही आशा असे, की...

"बरोबर," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला. तो उजेड पाहण्याची तिला सवयच लागली. पुढे तो रोज सांगे, आणि रोज ती बरोबर म्हणे. "सुधारतंय बघ," तो म्हणू लागला. "नजरेला वळण लागतंय." एकदा पत्र्याच्या छपरावर पाऊस असा कोसळत होता की एकमेकांचे ऐकू येण्यासाठी दोघांना डोकी जवळ आणावी लागली, तेव्हा तो म्हणाला, "प्रमाणपत्र मिळालं की आपण दोघं मिळून दुकान टाकू. रंग तू बघ, उंची मी बघतो."

"पाटीवर काय लिहायचं?"

"शिडी आणि रीळ."

"लोक खिळेमोळे मागायला येतील."

"देऊ की. आल्या माणसाला नाही कशाला म्हणायचं..." तो बोलता बोलता थांबला, आणि दोघेही पावसाकडे पाहू लागले.

मग वर्ष संपत आले असताना रिळीला ताप आला. चार दिवस ती घरी होती.

दुसऱ्या दिवशी भोके पाडण्याच्या लोखंडी यंत्राला नवी केबल जोडण्याचे काम त्याच्याकडे आले. केबल कोरी होती. तिला गाठी नव्हत्या. त्याने तारा खिडकीपाशी नेल्या, मन लावून पाहिल्या, आणि पूर्ण विश्वासाने जोडल्या. बटण दाबले, यंत्र फिरले नाही. तेवढ्यात सुटीची घंटा झाली होती, तेव्हा मुख्य पुरवठा बंद केला असावा असे त्याला वाटले. बटण तसेच खाली ठेवून तो हात धुण्यास गेला.

पुरवठा बंद झालेला नव्हता. मावशी ओले फडके घेऊन आल्या आणि त्यांनी ते यंत्राच्या अंगावर ठेवले.

मावशी वाचल्या. त्यांच्या उजव्या हाताची बोटे मात्र तळव्याकडे वळली ती वळलीच. त्या हाताने पुन्हा कधी फडके धरता आले नाही.

पाचव्या दिवशी रीळ आली तेव्हा फळ्यावर सूचना लागली होती. यंत्राची जोडणी तपासली असता निर्दोष आढळली. सफाई कर्मचारी बाईंनी चालू बटणावर ओले फडके फिरवले. अपघात त्यांच्या निष्काळजीपणामुळे घडला. शनिवारपासून त्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. तिने ती सूचना दोनदा वाचली. मग ती कार्यशाळेमागील पाण्याच्या टाकीपाशी गेली. तो तेथे एकटाच बसला होता.

"केबल नवी होती ना?"

"हो."

"गाठी कोणी मारल्या?"

त्याने मान वर केली नाही. "तू नव्हतीस. मला वाटलं, आता येतं मला. तू रोज बरोबर म्हणायचीस..."

ज्या शब्दाने तिने त्याचा चेहरा वर्षभर उजळवला होता, तोच शब्द एका बाईच्या हातावरून फिरला होता.

"पण जोडणी तर नीट निघाली," ती कशीबशी म्हणाली.

"मावशीला गाडीत घातलं तेव्हा सगळे फाटकाकडे धावले. मी आत राहिलो आणि... दोन तारांची अदलाबदल केली."

"सरांना सांग."

"माझं नाव कापतील. दादाला काय सांगू?"

"ते मला माहीत नाही. मावशीला शनिवारी काढताहेत. शुक्रवारी सुटीपर्यंत तू सांग. नाहीतर मी सांगणार."

"आणि दुकान?" त्याने हसण्याचा प्रयत्न केला. तो प्रयत्न पाहवत नव्हता, म्हणून ती निघून गेली.

शुक्रवारी सुटीची घंटा झाली. ती दारात उभी राहिली. तो कार्यशाळेतून बाहेर पडला, सरांच्या खोलीसमोर त्याची पावले मंदावली... आणि मग तो फाटकाकडे गेला. त्याची उंच आकृती रस्त्यावर दिसेनाशी होईपर्यंत तिने वाट पाहिली. त्यानंतर तिने सरांचे दार वाजवले.

तिने सर्व सांगितले. अदलाबदल सांगितली, गाठी सांगितल्या, "बरोबर" सांगितले, आणि सर्वांत शेवटी पाठीवरचे आकडे. सरांनी खिशातील टेस्टर काढून टेबलावर ठेवला आणि ते त्याच्याकडेच पाहत राहिले.

"आकड्यांचं कोणाला कधी कळलं नसतं," ते म्हणाले. "ते सांगायची गरज नव्हती."

"होती, सर. पहिलं खोटं माझंच होतं."

"जोडणी तपासायचं काम माझं होतं. घंटा झाली म्हणून मीही निघून गेलो." त्यांनी कागद पुढे ओढला. "तेही लिहितो."

मावशींवरील ठपका पुसला गेला आणि त्यांना अवजारांच्या खिडकीवर बसण्याचे काम मिळाले. सरांची पगारवाढ थांबली. रिळीचे एक वर्ष रोखले गेले. त्याचे नाव कापले गेले. त्याची कागदपत्रे नेण्यासाठी दादा आला, तेव्हा फाटकात त्याला ती दिसली.

"तूच का ती?"

"हो."

दादाने तिला शिवी दिली नाही. दिली असती तर तिला बरे वाटले असते. "परवापासून तो माझ्याबरोबर पोती उचलतो," एवढेच तो म्हणाला. "आता आमच्या घरात दोन पाठी झाल्या." आणि वाकलेल्या कमरेने, कागदांची पिशवी छातीशी धरून, तो हळूहळू चालत गेला.

त्यानंतरचे तीन महिने तिने फीत बांधली नाही. साध्या दोऱ्याने केस आवळून ती तेच धडे दुसऱ्यांदा गिरवीत राहिली. कार्यशाळेत तिच्याशी फारसे कोणी बोलत नसे. सर मात्र दर रविवारी कोठेतरी जाऊन येत. कोठे, ते त्यांनी सांगितले नाही. "पाण्याला रंग नसतो," एवढे एकदा तिच्या बाकाशेजारून जाताना म्हणाले.

नवे सत्र सुरू झाले, आणि नळ कारागिरांच्या छपराखाली एक उंच आकृती उभी दिसली. सर रविवारी कोणाच्या घरी जात, ते रिळीला आता कळले.

प्रथम तो अवजारांच्या खिडकीशी गेला. रीळ दूर उभी राहून पाहत होती. मावशींनी डाव्या हाताने पाइपाला आटे पाडण्याचे अवजार त्याच्यापुढे सरकवले, परंतु स्वतःचा हात त्यावरून उचलला नाही.

"हिरवा दिसत नाही म्हणे तुला."

"नाही दिसत, मावशी."

"आणि हा?" त्यांनी उजवा हात खिडकीच्या फळीवर ठेवला.

"दिसतो."

"मग रोज बघत जा," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी अवजार सोडले.

दुसऱ्या दिवशी रिळीने फीत बांधली. दुपारी ती त्या छपराखाली गेली. तो शिकंज्यात पाइप आवळून आटे पाडत होता, तिच्याकडे पाठ करून. तीन महिन्यांच्या पोत्यांनी त्या पाठीला किंचित बाक आला होता. शर्ट घामाने चिकटला होता. पावलांचा आवाज ऐकून त्याचे हात मंदावले, पण तो वळला नाही.

"सकाळी फाटकात पाहिली तुझी फीत," तो म्हणाला. "हिरवी... ना?"

एक शब्द उच्चारला असता तर तो चेहरा पुन्हा उजळला असता. तिने बोट उचलले. त्याच्या पाठीवर, डाव्या खांद्यापासून खाली एक रेघ ओढली, आणि तिला छेदणारी दुसरी. फुली.

त्याचे हात थांबले.

"चूक?"

"चूक. लाल आहे."

"आणि आधीच्या? वर्षभराच्या?"

"निळी आणि पिवळी तेवढी बरोबर असायची," ती म्हणाली. "बाकीच्या सगळ्या चूक. प्रत्येक वेळी. मी तुला एकदाही..."

त्याचे खांदे हलू लागले. तो हसतो आहे की रडतो आहे, हे मागून कळत नव्हते. लोखंडाचा चुरा जमिनीवर पडला होता; तेलाचा वास येत होता; पलीकडे मावशी डाव्या हाताने कोणाला तरी हातोडी देत होत्या.

"मागे वळू?" त्याने विचारले.

"वळ," ती म्हणाली.