मागच्या दारातला गोलकीपर

दिवे इतक्यात येतील असं वाटत नाही. मेणबत्ती जरा इकडे सरकवा, तोवर मुरलीपुऱ्यातल्या त्या घराची हकीकत सांगतो.

दोन हजार सहाचा मे महिना. बँकेनं माझी जयपूरला बदली केली होती आणि आम्ही शास्त्री नगरात राहत होतो. मी नुकताच कोल्हापूरला जाऊन आलो होतो. येताना मंदाकिनीताईंनी त्यांच्या धाकट्या भावासाठी, नागनाथसाठी, कांदा-लसूण चटणीची बरणी दिली होती. ती पोचवायची, चहा घ्यायचा आणि परतायचं, एवढंच काम होतं.

नागनाथ आणि मी एकाच क्लबात खेळलो. मुंबईतला मोठा फुटबॉल क्लब. आम्ही तिघं कोल्हापूरचे होतो. गोलात नागनाथ, बचावात मी आणि पुढच्या फळीत द्वारका. द्वारकाचा डावा पाय म्हणजे तोफ. सराव संपला की बाकीचे आंघोळीला पळायचे आणि हे दोघं मैदानात मागे राहायचे. हा मारायचा, तो अडवायचा. चेंडू दिसेनासा झाला तरी त्यांचं चाललेलं असायचं.

मग एका उन्हाळ्यात क्लबानं नवी पोरं घेतली आणि आम्हाला मोकळं केलं. मोठ्या क्लबातून सुटलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे कुणी विचारत नाही. मला खेळाडूंच्या कोट्यातून बँक मिळाली. नागनाथला रेल्वेनं घेतलं आणि फिरत फिरत तो जयपूरच्या पार्सल ऑफिसात येऊन बसला. द्वारकाचा गुडघा गेला होता, त्यामुळे डॉक्टरी तपासणीत तो कुठेच टिकला नाही. उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत राबत राहिला. आदल्या दिवाळीत झोपेतच गेला. सकाळी पांघरूण काढलं तर पायात खेळायचे बूट होते आणि नाड्या घट्ट बांधलेल्या.

नागनाथचं घर सीकर रोडपासून आत, लहान कारखान्यांच्या मागे होतं. पुढे गल्ली आणि मागे मोकळा प्लॉट. प्लॉटच्या पलीकडे एक बंद पडलेलं गोदाम. मी पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं, पण हवा हलत नव्हती. आकाश मातकट पिवळं झालं होतं.

दार त्याच्या बायकोनं, जयंतीवहिनींनी उघडलं. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंद म्हणता येणार नाही. सुटकेसारखं काहीतरी होतं ते. त्यांची मुलगी ऋचा पाणी घेऊन आली. नऊ-दहा वर्षांची, जयपूरलाच वाढलेली. मराठी बोलताना अडखळायची.

"काका, पानी घ्या. पप्पा अंदर... म्हणजे आत आहेत. मागे."

नागनाथ मागच्या खोलीत होता. मागचं दार सताड उघडं आणि हा उंबऱ्यापाशी स्टुलावर बसून बाहेरच्या प्लॉटकडे बघत होता. उजवा हात प्लास्टरमध्ये. डावा तळवा सुजलेला, निळसर.

"आलास व्हय विलास? बस की."

"हाताला काय झालं?"

"पार्सल पडलं," तो म्हणाला. पण नजर प्लॉटवरून काढली नाही.

मी दाराकडे पाहिलं. कडी वाकलेली होती. वरची बिजागरी उखडून लोंबत होती. चौकटीभोवतीच्या भिंतीवर गोल, मातकट डाग होते, एकावर एक.

वहिनींनी मला चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात बोलावलं. गॅस मोठा केला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"भावोजी, ह्यांना इथून हलवा. तुमचं ऐकतील."

"झालंय काय?"

"दिवाळीपासून रोज दिवेलागणीला मागनं बॉल येतो. प्लॉटमध्ये कुणी नसतं. पहिल्यांदा दार लावून घ्यायचो, तर दार मोडायला आलं. मग हे दारात उभे राहायला लागले... अडवायला."

असं ऐकल्यावर माणूस आधी सांगणाऱ्याच्या डोळ्यांत बघतो. त्यांचे डोळे शांत होते. त्याचीच मला भीती वाटली.

"मागच्या महिन्यात एक सुटला," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या हाताला लागून आत आला. जमिनीवरून घरंगळत गेल्याचा आवाज मी ऐकला. सगळं घर शोधलं, बॉल न्हाई. त्या रात्री ऋचाला ताप भरला. पहाटे उठून बसली आणि बोलायला लागली. आपलं गावचं बोलणं, भावोजी. तिला येतच न्हाई ते. बाप्याचा आवाज."

"काय बोलली?"

"म्हणाली, नाग्या, डावीकडं लई मोकळं सोडतोस की रं."

नागनाथला 'नाग्या' म्हणणारा एकच माणूस होता.

"ताप उतरला. तिला काहीच आठवत न्हाई. पण ह्यांना मी घर सोडून जाऊ म्हटलं की म्हणतात, तो आला तर गोलात कुणीतरी पाहिजे." वहिनींनी गॅस बंद केला. "खरं सांगू? हे घाबरत न्हाईत त्याला. ऑफिसातनं घाईनं येतात. वाट बघतात."

आम्ही चहा घेऊन मागे गेलो तेव्हा गोदामाच्या वर धुळीची भिंत उभी राहिली होती. आंधी. राजस्थानातली मे महिन्यातली आंधी ज्यानं पाहिली नाही त्याला सांगून कळणार नाही. आधी सगळे आवाज थांबतात. पक्षी, कारखान्यातली यंत्रं, रस्त्यावरचे हॉर्न. मग उजेड तपकिरी होतो. पंखा थांबला, दिवे गेले आणि खोलीत धुळीचा वास भरला.

आणि त्या कोरड्या वासातून दुसराच एक वास आला. ओल्या चामड्याचा. चिखलाचा आणि पायाला चोळायच्या निलगिरीच्या तेलाचा. मैदान सोडल्यापासून तो वास मी घेतला नव्हता.

नागनाथ उठला. "तू पुढं जाऊन बस, विलास."

"एका हातानं काय अडवणार तू?"

"बघू."

"नागनाथ, चल इथून. आत्ता. वहिनी आणि पोरीला घेऊन."

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "पार्सल ऑफिसात मला कोण ओळखतं सांग. पंधरा वर्षं मी पोती मोजतोय. तो मारतो तेवढा वेळ मी गोलकीपर असतो रं."

पहिला आला तेव्हा मला काहीच दिसलं नाही. फक्त धप् असा आवाज झाला आणि नागनाथ मागे झोकांडला. त्यानं तो छातीवर घेतला होता. शर्टावर ओला गोल डाग उमटला. बाहेर धुळीत पावलांचा आवाज... एक पाय नीट पडणारा, दुसरा घासत येणारा.

मी काय केलं ते मलाही नीट सांगता येत नाही. मी वहिनींना ओरडून सांगितलं की ऋचाला घेऊन गल्लीत जा. आणि मी नागनाथच्या डाव्या बाजूला, चौकटीच्या आत जाऊन उभा राहिलो. बचावातल्या माणसाची जागा तीच.

दुसरा माझ्या मांडीवर बसला. हाडापर्यंत कळ गेली. तिसरा नागनाथनं प्लास्टरच्या हातानं अडवला आणि प्लास्टर तडकल्याचा आवाज मी ऐकला. तो कण्हला नाही. अंधारात त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता आणि तो श्वास सुखाचा होता, हे मला आजही विसरता येत नाही.

मग थांबलं सगळं. धूळही क्षणभर थांबल्यासारखी झाली. प्लॉटमध्ये, फार लांब नाही, कुणीतरी उभं होतं. उंची, वाकडा खांदा, एका पायावर टाकलेला भार. चेहरा नव्हता दिसत.

"द्वारका," मी म्हणालो. "पुरे झालं रे आता."

तो धावत आला. घासणारा पाय घासेनासा झाला, ते मी ऐकलं. धाव सरळ, जुनी, पूर्ण वेगाची. नागनाथ उजवीकडे झेपावला. चेंडू डावीकडून, माझ्या कानाजवळून, आत गेला.

मागे काळोख्या घरात तो फरशीवर आपटला. एकदा, दोनदा. मग घरंगळत स्वयंपाकघराकडे गेला. तिथे थांबला नाही. तिथून पुढे पावलं ऐकू आली. सावकाश, एकेका खोलीत डोकावत जाणारी.

नागनाथ जमिनीवर पडलेला होता. त्याला उठायचंच नव्हतं. "आला," तो एवढंच म्हणाला. मी त्याची बगल धरली आणि मागच्या दारानं, प्लॉटमधून, आंधीतून त्याला ओढत गल्लीत आणलं. वहिनी पोरीला पदराखाली धरून उभ्या होत्या. आम्ही घरात परत गेलो नाही. चपला, सामान, सगळं तिथेच राहिलं. रिक्षात बसेपर्यंत नागनाथ मान वळवून वळवून घराकडे बघत होता, स्टेशनवर कुणाला सोडून आल्यासारखा.

ते आमच्याकडे राहिले आणि मग त्यांना गोपालपुऱ्यात वरच्या मजल्यावर जागा मिळाली. ऋचाला पुढे काही झालं नाही. नागनाथचा हात वाकडाच जुळला. त्यानं बदली मागून घेतली आणि ते कुटुंब मिरजेला गेलं. आम्ही त्या संध्याकाळबद्दल पुन्हा कधी बोललो नाही.

जयपूर सोडायच्या आधी हिवाळ्यात मी एकदा त्या गल्लीत गेलो. भर दुपारी. घर बंद होतं, म्हणून वळसा घालून मागच्या प्लॉटमध्ये गेलो. घरमालकानं मागचं दार काढून ती जागा विटांनी बुजवली होती आणि वर नवं प्लास्टर केलं होतं. शेजारच्या बाई वाळवण उचलत होत्या. म्हणाल्या, "ये प्लास्टर टिकता ही नहीं, भैया. कितनी बार करवाया."

मी जवळ जाऊन पाहिलं. प्लास्टरवर कुठेही डाग नव्हता, खड्डा नव्हता. ते फुगलं होतं. वाटीएवढे गोल फुगवटे, तडे गेलेले, सगळे बाहेरच्या बाजूला. भिंत सावलीत होती. मी त्यातल्या एका तड्यात बोटं घातली, तेव्हा आतल्या विटा कोमट होत्या.