सतरावा आठवडा

वाघोलीतल्या आमच्या रूमच्या गच्चीवर रात्री लाइट गेली, की घरमालक उत्तरेश्वरकाका गोष्ट काढतात. त्या रात्री म्हणाले, "माझ्या ओळखीच्या दशरथची. खरी."

"मोठ्यांची पापं नेहमी ओळखीचाच कुणीतरी करतो," मी म्हणालो.

"कॉलेज सोडलंस, आता तोंड सोडू नकोस. ऐक."

सन दोन हजार. सत्तावीस एप्रिल, गुरुवार. बुधवार पेठेत दशरथ आणि मच्छिंद्रचं कॉम्प्युटरच्या जुन्या चिपांचं दुकान. चिपच्या पाठीवर दोन ओळी. वरची म्हणजे नाव. खालचे चार आकडे म्हणजे जन्म: दोन सालाचे, दोन आठवड्याचे. दशरथ भंगारातल्या चिपांवर काळा थर देऊन त्यावर ताजे आकडे छापायचा. मच्छिंद्रला पत्ता नाही. बिलांवर सही मात्र त्याची. गिऱ्हाइकानं तक्रार केली, पोलिसांनी मच्छिंद्रला उचललं. जामिनावर सुटला, पण तोंड दाखवेना. त्याची बायको ललिता दशरथकडे आली.

"भाऊजी, खरं काय ते सांगा. एवढंच."

"उद्या सांगतो, वहिनी."

आणि रात्री दुकानात गेला. पुरावा पुसायला.

"मित्र म्हणे!" मी म्हणालो. काकांनी ऐकलं नाही.

शटर आतून ओढलं. थिनरचा बोळा पहिल्या चिपवर फिरवला. खोटे आकडे गेले. खाली एकोणनव्वद साल दिसायला हवं होतं.

दिसलं ००१७.

दुसरी पुसली. ००१७. तिसरी. तेच. जोरात घासलं... जाईना.

"शून्य, शून्य... सतरा."

समोरून. मच्छिंद्रचा आवाज. रोज आकडे वाचायचा तसा.

"दशरथ, हा कुठला आठवडा रे?"

दशरथनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठवडे मोजले. सतरावा... चालू आठवडा.

"मच्छिंद्र?"

...

"मच्छिंद्र, मी उद्या नक्की..."

...

सकाळी निरोप आला. मच्छिंद्र आदल्या संध्याकाळीच गेला होता. हडपसरजवळ, रुळावर.

काका थांबले.

"मग तरी खरं सांगितलं का त्यानं?"

"मेलेल्याला काय फरक पडतो, म्हणाला."

"ललिताला पडत होता."

काका म्हणाले, "त्या सकाळपासून दशरथचा उजवा अंगठा गुळगुळीत आहे. एक रेघ नाही. आधारच्या मशीनवर आजही उमटत नाही."

"थिनरनं जातात रेषा. त्यात काय?"

"जातात ना. पण ठसे राहू नयेत म्हणून त्या रात्री त्यानं हातमोजे घातले होते."