विसरलेलं चुंबक

त्या गुरुवारी बाबा शेडमधून गुडघे चोळत आले. लेथवर चाळीस वर्षं काढलेला सहा फुटी माणूस. निवृत्तीनंतर एका जुन्या गाडीच्या सांगाड्यावर फायबरची बॉडी चढवून त्यांनी लाल स्पोर्ट्सकार उभी केली होती. हुबेहूब, पण नक्कल.

"अगं, झाली एकदाची! पाच मिनिटं बसून तर बघ."

लेक प्रुफं तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "रविवारी, बाबा. शेवटी नक्कलच ना, कुठे पळून जातेय?"

बाबा हसले. "रविवारी मग. नक्की."

शुक्रवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

सहा महिने तिने शेड उघडली नाही. मग जाहिरात दिली. गाडी गेली की त्या दाराकडे निदान बघवेल तरी, असं तिला वाटलं.

एका रविवारी गाडी बघायला आला तो जनावरांचा डॉक्टर. लांबच लांब हातापायांचा. खिशातलं चुंबक त्याने बॉनेटला लावलं. ते घसरून त्याच्याच बुटावर पडलं.

"फायबर आहे," ती म्हणाली.

"माहीत होतं... खात्री केली." मग तो बोटांनी बॉडी ठोकत, कान लावत गाडीभोवती फिरला.

"काय डॉक्टर, नाडी लागतेय का?"

"हसू नका. माझे पेशंट बोलत नाहीत, म्हणून ही सवय."

मग गाडीखाली आडवा होऊन तो टॉर्चने सांगाड्याचे जोड बघू लागला.

"हे वेल्डिंग कुणाचं?"

"बाबांचं."

"इथे कुणाची नजरही जाणार नव्हती... तरी किती निगुतीनं केलंय!"

तिला एकदम घरात जावंसं वाटलं. पाणी आणायला.

जाताना तो चुंबक विसरला. ते न्यायला पुढच्या रविवारी आला. आलोच आहे तर म्हणून थंड इंजिन चालू करून ऐकलं, कागदांवरचा नंबर ताडून पाहिला... आणि चुंबक पुन्हा राहिलं. त्या आठवड्यात तिने ते दोनदा पुसलं. कशाला, कोण जाणे!

तिसऱ्या रविवारी चक्कर मारून बघायची होती. तो स्टिअरिंगमागे बसला आणि गुडघे अडकून तिथेच राहिला.

"सीट मागे घ्या की."

"सरकतच नाही, बोल्टांनी पक्की केलीय. पेडलंही अलीकडे ओढलीत. तुमचे बाबा बुटके होते का हो?"

"सहा फूट," ती म्हणाली, आणि थांबली. ते गुडघे चोळणं... वय झालं, एवढंच वाटलं होतं तिला.

तो कसाबसा बाहेर आला. "तुम्ही बसा बरं."

ती बसली. पाय अलगद क्लचवर टेकला. आरसा थेट डोळ्यांसमोर. कुठे इंचाचा फरक नाही.

"ही मी नाही घेणार," शेजारी बसत तो म्हणाला. "तुमच्या मापाची आहे."

"मग तीन रविवार फुकट गेले तुमचे."

"छे! गाडी तर पहिल्याच रविवारी बघून झाली होती."

"आणि चुंबक?"

"ते..." त्याचे कान लाल झाले. "मुद्दाम विसरत होतो."

हसू आणि डोळ्यांतलं पाणी, दोन्ही तिला एकदमच आलं.

"पुढच्या रविवारी नुसतेच या," ती म्हणाली. "निमित्ताशिवाय."

तिने किल्ली फिरवली. शेड त्या आवाजाने भरून गेली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, शेजारी कोण बसलंय याची पर्वा न करता ती मोठ्याने म्हणाली,

"बाबा, फार सुंदर झालीय हो गाडी."