ठणठणीत माणूस

"इथं ठणठणीत कोण हाय?" शाहूपुरीतल्या बालरुग्णालयाच्या व्हरांड्यात येऊन डॉक्टर उन्मेषनं विचारलं, आणि भाचीला लस टोचून घ्यायला आलेली अनुजा बोलून गेली, "मी हाय की."

जन्मापासून प्रतिकारशक्तीच अधू आहे असा संशय असलेल्या बाळाचं रक्त मुंबईला तपासायला जातं, तेव्हा सोबत एका निरोगी, बाळाच्या नात्यात नसलेल्या माणसाचंही जावं लागतं. दोन्ही शेजारी ठेवली की दोष बाळाच्या रक्तात आहे की तपासणीत, ते कळतं. त्या दिवसापासून सोबतीचं रक्त अनुजाचंच. उन्मेषचा फोन आला की शाळेत शिकवायचे तास संपवून ती यायची. चमचाभर रक्त घेऊन उन्मेष म्हणायचा, अशक्तपणा येईल, भडंग खा, चहा घे... आणि तो चहा काही लवकर संपायचा नाही.

आज फोन आला नाही, म्हणून ती सहज डोकावली. तर खुर्चीत नवी डॉक्टर भैरवी! बाही वर, हाताला कापूस, मांडीवर भडंगाचा पुडा. अनुजाच्या अंगाचा तिळपापड झाला.

या खेपेला तपासायला जाणार होतं बावड्याच्या सम्राटचं रक्त. चार वर्षांचं पोर, अंगावर सारखी गळवं, क्षयाची औषधंही उगाच खाऊन झालेली. त्याच्या आईचे दोन भाऊ तान्हेपणीच गेले, हे तिच्याशी बोलता बोलता अनुजानंच काढलं होतं. आणि ऐन वेळी मान भैरवीला?

"माझं रक्त आळणी झालं काय?" तिनं उन्मेषला गाठून विचारलं.

"काल फोनवर शिंकत होतीस. सर्दीतलं रक्त घेतलं आणि पोराचं निदान चुकलं तर?"

पटलं. पण जळफळाट पटल्यानं थोडाच जातो?

"मग भडंग कशाला?"

त्याला हसू आलं. ती फणकाऱ्यानं निघून गेली.

चार दिवसांनी त्यानंच बोलावलं. रोग सापडला होता. सम्राटच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळत, पण मारू शकत नव्हत्या. दोष आईकडून आलेला. योग्य औषध सुरू झालं होतं. अहवालातल्या आलेखावर निरोगी रक्ताची रेघ पुढं सरकलेली, सम्राटची जागच्या जागी. पोराला वाट सापडली म्हणून अनुजाचे डोळे भरले, आणि तेवढ्यातही ती निरोगी रेघ तिला खुपलीच.

"फार पुढं गेलीय की भैरवीची रेघ."

"तिला सवय असू दे," उन्मेष म्हणाला. "तुझं रक्त कायमचं चालायचं न्हाय."

अनुजाचा चेहरा उतरला. "का? आता ठणठणीत हाय मी."

"नात्यातलं चालत न्हाय." तो अहवालाची उगाच घडी घालत राहिला. कान लाल झाले होते. "उद्या आपल्याच पोराला तपासायची वेळ आली... तर तू आई लागशील की त्याची."

अनुजानं तो अहवाल त्याच्या हातातून काढून घेतला.

"तशी वेळ येऊ नये," ती हळूच म्हणाली. "पण आलीच — तर भैरवीला भडंग मी देणार. तुम्ही न्हाय."