पाचवी मृणाल

साहेब, मुलगी तुम्ही बदललीत. मराठी मंडळाच्या वहीत ‘नायिकेच्या भूमिकेत फेरबदल’ एवढंच लिहवून घेतलंत, खाली सही ठोकलीत आणि चहा मागवलात. त्या सहीनं काय काय मोडलं, ते तुमच्या वहीत कुठेच नाही. म्हणून इथे सांगावं लागतंय. पहिल्यापासून सांगते. ऐकून घ्या.

पंचाण्णवचा जानेवारी. लखनऊत धुकं असं की हजरतगंजात रिक्षाची घंटी आधी यायची, रिक्षा मागाहून. ‘बकुळीचा पार’ या मराठी कादंबरीवरच्या हिंदी सिनेमाचा दुसरा भाग लागला होता. मध्यंतरात चेतना, तुम्ही बदललीत तीच मुलगी, थिएटरच्या व्हरांड्यात उभी होती आणि शेंगदाण्यांची पुडी मुठीत चुरगाळत होती. थंडीनं नव्हे, रागानं.

पहिल्या भागाच्या शेवटी मृणाल पारावर दिवा ठेवते आणि मागे वळते. दुसरा भाग तिथूनच सुरू झाला. ती वळली... आणि चेहराच दुसरा! नटीच बदललेली. अख्खं थिएटर ओरडलं. “अमाँ, ये कौन मोहतरमा हैं?” पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलंसुद्धा. नायक, तो उल्हास, मात्र जुनाच. त्यानं नव्या चेहऱ्याकडे त्याच जुन्या डोळ्यांनी पाहिलं आणि तेच जुनं वाक्य टाकलं. पापणी हलली नाही त्याची! दहा मिनिटांत थिएटर गप्प झालं. आणखी दहा मिनिटांत रडायलाही लागलं.

“डोळे फुटलेत सगळ्यांचे,” चेतना पुटपुटली. मराठीत. इथे कोणाला कळणार?

“फुटले नाहीत हो. सवय झाली.”

ती वळली. मागे एक तरुण. आईनं विणलेला स्वेटर, बाही एक बोटभर लांब. चष्म्यावर धुक्याचे थेंब. आणि थेंबांमागे हसणारे डोळे.

“तुम्हाला आवडली वाटतं ही नवी घारी?” तिनं विचारलं.

“छे! माझी ती पहिलीच, हनुवटीवर तीळ असलेली. तिच्यासाठी चारदा पाहिला पहिला भाग.”

“चार? बस? आम्ही सात.”

“आम्ही म्हणजे... बरोबर कोण आहे?”

“आम्ही म्हणजे मी. लखनऊ आहे साहब, इथे एकटा माणूसही ‘हम’ असतो.”

तो मोठ्यानं हसला. मग चष्मा पुसायला लागला, उगाच, बराच वेळ.

“आणि तीळवालीचं एवढं कौतुक नको,” ती म्हणाली. “याच कादंबरीवरच्या जुन्या मराठी सिनेमातली पाहा. काळ्यापांढऱ्यातली. ती वळते ना, तेव्हा आधी तिची वेणी वळते, मग ती.”

“तो सिनेमा? तो आता कुठे मिळतो?”

“आमच्या घरी कॅसेट आहे.”

“अच्छा... आणि घर कुठे आहे?”

“इतक्यात घर? आधी शेंगदाणे तर घ्या.”

त्यानं घेतले. पाच-सहा दाणे, एकेक करून, म्हणजे हात पुडीजवळ जास्त वेळ राहील. नाव श्रीरंग. सरकारी कंपनीत इंजिनियर, पुण्याहून येऊन तीन महिने झालेले.

“मला नव्या नटीचा राग येत नाही,” तो म्हणाला. “तिला बोलावलं, ती आली. राग येतो त्या नायकाचा. आपली मृणाल काढली, आणि हा पठ्ठ्या दुसरीसमोर तेच बोलतोय! मी असतो ना, तर मेकअप पुसून सरळ घरी गेलो असतो.”

“बोलायला काय जातंय!”

“करून दाखवीन.”

“हाँ हाँ... दाखवा. आम्ही पहिल्या रांगेत येऊन बसू.”

साहेब, हे वाक्य लक्षात ठेवा. तो विसरला. ती विसरली नाही.

पुढच्या रविवारी तो कॅसेट बघायला तिच्या घरी आला. तिचे वडील सदाशिवराव कारखान्यात फिटर. मंडळाच्या प्रत्येक गणपतीत शामियान्याच्या दोऱ्या तेच बांधायचे आणि कार्यक्रम मागे उभं राहून बघायचे. खुर्च्या ऑफिसरांना लागायच्या ना! आईनं, सुलभाबाईंनी पोहे केले. श्रीरंगनं दोनदा मागून घेतले आणि वेणी वळायच्या जागी कॅसेट सहा वेळा मागे फिरवली.

“मान्य,” तो म्हणाला. “पहिली ती पहिलीच.”

“माफीनामा लिहून द्या.”

“रोज एक देईन. रोज यावं लागेल मग.”

आणि तो येत राहिला. तिन्ही मृणालींवरून दोघं भांडायचे. कुणाचं रडणं खरं, कुणाचं ग्लिसरीनचं. कुणाला पदर सांभाळता येतो आणि कोण नुसती तो धरून उभी राहते. भांडता भांडता ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं, ते त्या दोघांनाही सांगता येणार नाही.

जूनमध्ये त्यानं तिला स्कूटरवरून मलिहाबादला नेलं. दसहरी आंब्यांच्या बागा, जमिनीवर सावलीची चाळण, दुपार पिकून खाली पडेल अशी. एका झाडाला विटांचा पार होता. ती त्यावर बसून आंबा चोखत होती आणि रस मनगटावरून कोपराकडे निघाला होता. त्यानं रुमाल काढला. मनगट पुसलं. पुसून झालं... तरी सोडलं नाही.

“तू चौथी,” तो म्हणाला.

“काय चौथी?”

“मृणाल. काळीपांढरी, तीळवाली, घारी... आणि तू.”

“आणि पाचवी?”

“पाचवी नाही. इथे निवड बंद.”

तिनं उरलेली कोय त्याच्या हातात ठेवली. “मग हे घे, बयाना. सौदा पक्का,” ती म्हणाली आणि तोंड फिरवून हसली. आधी वेणी वळली, मग ती.

गणपतीत ‘बकुळीचा पार’चं नाटक करायची कल्पना त्याचीच. कादंबरी दोघांनी मिळून कापली, जोडली. तो उल्हास, ती मृणाल. तालमीत एक वाक्य आलं की तो हळू व्हायचा, “मृणाल, या पारावर दुसरं कुणी बसलं, तर मी हे गाव सोडीन.” आम्ही मंडळातल्या बायका तोंडाला पदर लावायचो. हे वाक्य नाटकातलं राहिलेलं नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. तुम्हालाही दिसलं, साहेब. म्हणून तर तुम्ही पुण्याहून भाचीला बोलावलंत.

अश्लेषा आली. छान मुलगी, तिच्याबद्दल तक्रार नाही. तिला बोलावलं, ती आली. प्रयोगाला बारा दिवस उरलेले असताना तुम्ही तालमीत खुर्चीवरून म्हणालात, “चेतनाचे उच्चार जरा हिंदी वळणाचे आहेत. मृणाल कोकणातली. ती जागा अश्लेषा घेईल. चेतनानं प्रॉम्प्टिंग करावं, तिला सगळं पाठ आहे.”

सगळं पाठ आहे, पण बोलता येत नाही! वा, साहेब.

चेतनानं तुमच्याकडे पाहिलंच नाही. तिनं श्रीरंगकडे पाहिलं. तिला भूमिका नको होती. तिला त्याच्या तोंडून एक ‘नाही’ हवं होतं, आणि तेही एकदाच. श्रीरंग संहितेची पानं सारखी करत होता. तुम्ही मंडळाचे अध्यक्ष, आणि ऑफिसात त्याचेही साहेब.

तालीम सुटल्यावर तिनं त्याला कोपऱ्यावरच्या चाटवाल्यापाशी गाठलं.

“मेकअप पुसणार होतास ना?”

“चेतना, तो सिनेमा होता गं...”

“आणि हे?”

“हे नुसतं मंडळाचं नाटक आहे. दोन तासांचं. एवढं काय मनावर घ्यायचं?”

“सिनेमा खोटा, नाटक नुसतं. मग खरं काय होतं रे? मलिहाबाद?”

चाटवाल्यानं विचारलं, “बिटिया, मिर्ची तेज?”

“तेज,” ती म्हणाली. “खूब तेज, भैया.”

“साहेबांनी परवा माझ्या आईबाबांना पत्र टाकलंय,” शेवटी तो म्हणाला. द्रोणाकडे बघत. “प्रयोगाला येणार आहेत ते. अश्लेषालाही... म्हणजे... भेटतील.”

“आणि तू काय लिहिलंस?”

“मी काय लिहिणार?”

तिनं द्रोण त्याच्या हातात दिला आणि निघाली. डोळ्यांतलं पाणी मिरचीचं आहे, असं तिनं घरी सांगितलं. सदाशिवराव म्हणाले, “प्रॉम्प्टिंग कर बेटा. रुसलो तर म्हणतील, फिटरच्या मुलीला मोठी हौस.” वडिलांची मान खाली जाऊ नये म्हणून ती प्रॉम्प्टिंगला उभी राहिली. तुमच्या हुकमासाठी नाही.

प्रयोग संध्याकाळी साताचा. शामियाना सदाशिवरावांनी बांधलेला. पहिल्या रांगेत श्रीरंगचे आईवडील. चेतना विंगेत, हातात संहिता, आणि संहितेची तिला गरज नव्हती. पडदा उघडला. अश्लेषा दिवा ठेवून वळली. मागे कुजबुज झाली, “अगं, ती सदाशिवरावांची चेतना करणार होती ना?” दहा मिनिटं कुजबुज. मग टाळ्या. सवय झाली लोकांना. श्रीरंगचं तेवढं खरं निघालं.

मग तो प्रसंग आला. पारावर अश्लेषा, समोर श्रीरंग.

“मृणाल,” तो म्हणाला. “या पारावर...”

आणि अडकला.

“या पारावर दुसरं...” पुन्हा अडकला. घाम कानशिलावरून उतरायला लागला, मेकअपसकट. आपोआप पुसला जात होता, त्याला हात लावावा लागला नाही. अश्लेषा डोळ्यांनी खुणावतेय. पहिल्या रांगेत त्याची आई पुढे झुकलेली. त्यानं मान वळवून विंगेकडे पाहिलं. तिच्याकडे. बारा दिवसांत पहिल्यांदा.

वाक्य तिच्या ओठांवर होतं. तिनं संहिता मिटली.

“श्रीरंग,” ती हळूच म्हणाली, त्यालाच ऐकू जाईल इतकं, “त्या दिवशी गप्प का बसलास?”

त्याचे ओठ हलले.

तेवढ्यात तुम्ही धावत विंगेत आलात, साहेब. हातातली सुपारी पडली तुमच्या. “अगं ए, वाक्य दे त्याला! काय मूर्खपणा आहे?”

चेतनानं संहिता तुमच्या छातीशी लावली. शामियान्यात शांतता होती. दोऱ्यांपाशी उभ्या सदाशिवरावांनाही ऐकू गेलं.

“तुम्ही द्या वाक्य, साहेब. तुमचे उच्चार शुद्ध आहेत. त्याचं वाक्य द्या, आणि माझं काय चुकलं तेही सांगा. माझी जीभ चुकली, की माझ्या बाबांच्या हातातली दोरी? लोक थांबलेत. बोला.”