सास्तूरच्या पंगतीतले जांभळे जीवाणू

"मॅडम, लवकर या. लग्नाची पंगत उठली आणि माणसं ओकून आडवी झाली."

इन्स्पेक्टर उत्कर्षचा फोन. प्रमोदिनीबाईंनी जन्मभर धाराशिवच्या कॉलेजात जीवाणू शिकवले. उत्कर्ष त्यांचाच विद्यार्थी.

सास्तूरच्या मांडवात आचारीण सारजाबाई एकटीच बसली होती. बोटाला चिंधी. पुढच्या दोन लग्नांची कामं एवढ्यातच मोडली होती.

"बोट पिकलंय तिचं!" नवरीचा चुलता रामकिसन ओरडला. "त्याच हातानं वाढलं."

उत्कर्ष हळूच म्हणाला, "प्रयोगशाळेत उलटी तपासली. जांभळे रंगलेले जीवाणू दिसले. गळवातलेही जांभळेच ना?"

"जांभळेच. पण ते बघितल्याशिवाय बोलू नकोस." बाई रामकिसनकडे वळल्या. "भात कुणी केला?"

"म्याच. पहाटं, मांडवामागच्या चरात जाळ करून. धोतरावर उपसला, वर पोती टाकली."

"सारजाबाई, तुम्ही कधी आलात?"

"पहाटंच. चरात कुत्री पिलं घिऊन निजली व्हती. तिला हुसकून आमटीला जाळ घातला. भात आधीच पोत्याखाली व्हता, कोमट."

"लई शहाणी!" रामकिसन पुटपुटला.

बाईंनी उरलेला भात घेतला. कॉलेजच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, उलटीचा नमुनाही पाहिला. दुसऱ्या दिवशी त्या परतल्या तेव्हा गाव मांडवात जमलं होतं.

"रंगानं नुसता गट कळतो," त्या म्हणाल्या. "पुढं आकार बघावा लागतो. गळवातले गोल, द्राक्षांच्या घोसासारखे. हे काठीसारखे आहेत, भातात आणि उलटीतही. त्यांच्या पोटात न रंगलेला ठिपका, तो बीजाणू. उकळीलाही मरत नाही. भात रात्रभर उबेत राहिला की त्यातून जीवाणू फुटतो, वाढतो, विष सोडतो."

"पण म्या पहाटं..."

"पहाटे निखारे असते तर कुत्री तिथं पिलं घेऊन निजली असती? चर थंडगार होता. भात आदल्या संध्याकाळचा."

रामकिसन कबूल झाला. "हळदीत नाचायचं व्हतं. वाटलं, पोत्याखाली गरम ऱ्हाईल."

"आणि माणसं ओकायला लागल्यावर हिचं बोट दिसलं," उत्कर्ष म्हणाला.

सारजाबाई उठली. "सायेब, ह्याला दवाखान्यात न्या. खाटंखाटंपाशी जाऊन सांगू द्या, भात कुणी शिजवला ते."

रामकिसन हलेना. उत्कर्षनं जीपचं दार उघडून धरलं.