डावीकडची खुर्ची

मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून पाच खुर्च्या ठेवल्या होत्या. सगळ्या रिकाम्या. तरी मी आणि तो एकाच वेळी एकाच खुर्चीत बसायला गेलो. अगदी डाव्या टोकाच्या. तो जवळजवळ माझ्या मांडीवरच बसला म्हणा ना!

"अं... सॉरी. तुम्ही बसा."

"नको, तुम्ही बसा."

"मी तिकडे बसतो..." असं म्हणाला खरा, पण हलला नाही. मीही नाही. शेवटी मालकीणबाई दारात आल्या, त्यांनी मला आत बोलावलं आणि तो प्रश्न मिटला. जाता जाता वळून पाहिलं, तर स्वारी त्याच खुर्चीत, भलतीच खूश.

आम्ही दोघंही लागलो. सहा महिने कच्चे, जमलं तर कायम. पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायची कार्यशाळा, आम्ही दोघं कापड कापणारे. वरच्या फळीवरचे तागे तो स्टूल न घेता काढायचा, म्हणून सगळे त्याला 'शिडी' म्हणायला लागले. माझं नाव पडलं 'हसरी'.

हसरी का, ते सांगते. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. लहानपणी गालगुंड झाले आणि तो कान गेला तो गेलाच. त्या बाजूने कोणी बोललं की मी गोड हसते आणि मान डोलावते. बहुतेक वेळा भागून जातं. आधीच्या नोकरीत मी खरं सांगून बसले होते. दुसऱ्या दिवशी हातातली कात्री काढून मला खोकी बांधायला बसवलं, आणि महिनाअखेरीस 'तुम्हालाच इथे त्रास होईल हो' म्हणत घरी पाठवलं. त्यामुळे इथे मी तोंडाला कुलूप लावलं. ही नोकरी मला पक्की हवी होती, काहीही करून.

कापडाचे थर अंथरताना तो टेबलाच्या पलीकडे, मी अलीकडे. कापड ताठ झालं की तो आपल्या टोकाला हलकेच दोन झटके द्यायचा – तयार? मी एक परत द्यायची – हो. तोंडासमोर तोंड असल्यामुळे शिवणयंत्रांच्या खडखडाटातही गप्पा छान रंगायच्या. आठवड्याभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"हसरी, नाकाला खडू लागलाय तुझ्या."

"मग पूस ना."

"टेबल रुंद आहे..."

"शिडी ना तू? वाक की!"

तो खरंच वाकला. नाकावरून त्याचं बोट फिरलं आणि माझ्या हातातली मोजपट्टी खाली पडली. मालकीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मग बराच वेळ मी मान वर केली नाही. कान मात्र गरम झाले होते, दोन्ही!

पण टेबल सोडलं की हा माणूस वेगळाच. चहाला निघालो की मी त्याच्या डाव्या बाजूला जायची, म्हणजे तो माझ्या चांगल्या कानाकडे येईल. तर हा मागून वळसा घालून माझ्या डावीकडे! मी पुन्हा वळसा घालायची. तो पुन्हा. एकदा तर बोलता बोलता डावीकडे सरकत आम्ही चक्क भिंतीला जाऊन टेकलो. हे काय गौडबंगाल आहे? माझा उजवा गाल याला बघवत नाही की काय? घरी जाऊन आरशात तो गाल नीट निरखला. बरा होता.

ताईला विचारलं. ती म्हणाली, "एक तर प्रेमात आहे, नाहीतर चक्रम आहे."

"दोन्ही असू शकतं का गं?"

ताईने नुसती उशी फेकून मारली.

एका शनिवारी सुटल्यावर आम्ही जिना उतरत होतो. पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत होता. जिना अरुंद, त्यात वळसे घालायला जागा कुठली, त्यामुळे तो माझ्या डावीकडेच राहिला. मध्येच थांबला. खाली बघत काहीतरी बोलला... नेहमीपेक्षा हळू. मी सवयीने गोड हसले आणि मान डोलावली. त्याचा चेहरा असा काही उजळला – आणि उरलेल्या पायऱ्या तो उड्या मारत उतरला.

सोमवारी मात्र गडी गप्प. टेबलाच्या पलीकडून दोन झटके यायचे, पण कोरडे. खडू लागला तरी सांगेना. चहालाही एकटाच जायचा. मी काय केलं होतं? विचार करकरून डोकं फुटायची वेळ आली, आणि विचारायचा धीर होत नव्हता.

त्याच आठवड्यात कापायचं नवं यंत्र आलं. दोघांनी शेजारी शेजारी उभं राहायचं, एकाने कापड सारायचं, दुसऱ्याने बटण दाबायचं. सारणारा "थांब" म्हणाला की बटणावरचा हात लगेच काढायचा. "हे ज्यांना जमेल ते कायम," मालकीणबाई म्हणाल्या.

मी डावीकडे सरकले. तोही डावीकडे सरकला. खांद्याला खांदा आपटला.

"तू सरक ना."

"तू सरक!"

"संगीतखुर्ची चाललीये का?" मालकीणबाई कडाडल्या. "हसरी, उजवीकडे हो. बटण तुझ्याकडे."

यंत्र घरघरायला लागलं. त्याची लांब बोटं पात्याच्या पुढ्यात, आणि तो माझ्या डावीकडे. तो ओरडला तरी मला कळलं नसतं. माझं बोट बटणावर होतं... मी ते काढून घेतलं आणि यंत्र बंद केलं.

"मला नाही जमणार," मी म्हणाले. "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. हा 'थांब' म्हणाला तर मला कळणार नाही, आणि बोटं जातील ती याची."

सगळी शिवणयंत्रंही थांबली. गेली नोकरी, मी मनात म्हटलं. डोळे भरून आले होते.

"डावा?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "डावा कान?"

"हो."

"माझाही डावाच." मग मालकीणबाईंकडे वळून म्हणाला, "खरंच सांगतो. लहानपणी सारखा फुटायचा. मीही लपवलं."

त्याला हवी ती जागा मिळाली होती. गप्प बसला असता तर त्याची नोकरी पक्की होती. तरी बोलला. त्या क्षणी मला तो इतका आवडला, की नोकरीचं दुःखही क्षणभर विसरले.

"म्हणजे इतके दिवस एकमेकांभोवती जे फेर धरत होतात ते..." मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. "आधी सांगायला काय झालं होतं?"

मी खोक्यांची गोष्ट सांगितली. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली.

"एक जण पलीकडे उभा राहील, टेबलावर राहता तसा. आणि सारणाऱ्याच्या पायाशी कळ बसवू, दाबली की बटणासमोर लाल दिवा लागेल. तोवर यंत्राला कोणी हात लावायचा नाही."

"आणि... कायमचं?" माझा आवाज पार बारीक झाला होता.

"आजवर कापड काय कानांनी कापत होतात? जा कामाला!"

सुटल्यावर बाहेर भुरभुर पाऊस. सवयीने दोघंही डावीकडे सरकलो आणि थबकलो. मग तो वळसा घालून माझ्या समोर आला आणि उलटा चालायला लागला.

"मागे खांब आहे," मी म्हणाले.

"असू दे. त्या शनिवारी जिन्यात मी विचारलं ते..."

"काय विचारलं होतंस?"

तो थांबलाच. "पण तू तर हसून मान डोलावलीस!"

"मी सगळ्यांनाच हसून डोलावते, वेड्या. म्हणून तर हसरी!"

"आणि मी रविवारी अंधार पडेपर्यंत बागेच्या फाटकाशी भिजत उभा..."

मला हसूही आलं आणि रडूही. "आता विचार. असा समोरून."

त्याच्या पापण्यांवर थेंब होते. "मला तू आवडतेस. रविवारी येशील?"

"काय? काय म्हणालास?"

त्याने दम घेतला आणि अशा आवाजात पुन्हा म्हटलं, की रस्त्यावरच्या छत्र्या वळल्या. "आता आलं ऐकू?"

"पहिल्यांदाच आलं होतं."

"मग उत्तर?" त्याने माझ्या स्कार्फचं टोक हातात घेतलं आणि हलकेच दोन झटके दिले.

या वेळी मी मान डोलावली नाही. उगाच पुन्हा घोटाळा नको. दुसरं टोक धरलं, आणि एक झटका परत दिला.